मास्टर विठ्ठल यांना कुणी पाहिलंय?

मास्टर विठ्ठल हे नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. पहिली म्हणजे ते 'आलम आरा'चे, भारतातल्या पहिल्या बोलपटाचे, नायक होते. दुसरी म्हणजे त्यांना उर्दू संवाद जमेनात, म्हणून त्यांचं पात्र बराच वेळ गुंगीत दाखवून वेळ मारून नेली. आजवरच्या बहुतेक लेखांत विठ्ठल यांची नोंद एवढ्यावर संपते. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खरी असली तरी ज्या चित्रपटाबद्दल ती आहे त्याची एक फूटही फिल्म आज कुठे उपलब्ध नाही. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याआधीची पाच-सहा वर्षं हाच माणूस देमारपटांचा सर्वांत मोठा नट होता. हॉलीवूडच्या मूकपटांतल्या साहसी नायकाच्या नावावरून त्याला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. त्या कामाबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते पाहिलेलं माणूस आता उरलेलं नाही आणि आज पाहायचं म्हटलं तर सोय नाही.

एका नटाला त्याच्या सर्वांत पडत्या क्षणाच्या ऐकीव हकिकतीवरून ओळखायचं आणि ज्यावर त्याची कीर्ती उभी होती ते काम अदृश्य ठेवायचं, हा अन्याय आहे. जे नष्ट झालं ते परत आणता येणार नाही. पण जे उरलंय तेही लोकांना दिसत नाही, आणि हे मात्र आजच्या आज बदलता येण्यासारखं आहे. भारतीय मूकपटांची जी काही रिळं सार्वजनिक संग्रहात शिल्लक आहेत, ती सगळी, तुकड्यांसकट, योग्य वेगानं आणि विनामूल्य लोकांपुढे खुली झाली पाहिजेत. निवडक तुकडे नकोत, वर्धापनदिनापुरती दोन-तीन मिनिटं नकोत.

आधी विठ्ठल यांचा प्रवास थोडक्यात. लहानपणी नाटक मंडळीत काम, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. १९२४ च्या 'कल्याण खजिना'त ते पडद्यावर आले ते नर्तकीच्या वेशात. पुढे मुंबईला भोगीलाल दवे आणि नानुभाई देसाई यांच्या शारदा फिल्म कंपनीत गेले आणि तिथे तलवारबाजी, उड्या, घोडदौड यांच्या बळावर नायक झाले. अर्देशीर इराणींनी पहिल्या बोलपटासाठी त्यांना घेतलं तेव्हा शारदानं करार मोडल्याचा दावा लावला. विठ्ठल यांची बाजू कोर्टात मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि विठ्ठल जिंकले. एखाद्या नटावरून दोन कंपन्या कोर्टात जातात आणि त्याच्या बाजूनं त्या काळच्या मुंबईतला बडा बॅरिस्टर उभा राहतो, यावरून त्याच्या नावाची बाजारातली किंमत कळते. तो माणूस केवळ 'उर्दू न येणारा नायक' नव्हता.

बोलपटानं अनेकांची तारांबळ उडवली. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, त्या काळी सर्वाधिक पगार घेणाऱ्या नटी होत्या. त्यांनाही हिंदुस्तानी नीट येत नव्हतं. त्यांनी काही काळ थांबून भाषा शिकली आणि १९३२ च्या 'माधुरी'तून त्या परतल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. विठ्ठल मराठी चित्रपटांकडे वळले आणि पुढे अनेक वर्षं काम करत राहिले. १९६९ ला ते गेले. म्हणजे अभिलेख बऱ्यापैकी उभा करता येतो, फक्त त्याच्या मधोमध जिथे काम असायला हवं तिथे भोक आहे.

हे भोक किती मोठं आहे? १९१३ ते १९३४ या काळात भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले. पूर्ण आणि तुकड्यांतले मिळून शिल्लक राहिले ते तीसच्या आसपास. म्हणजे शंभरातले दोन-सव्वादोन. आणि हे दोन-सव्वादोन गुणवत्तेनं निवडलेले नाहीत, ते अपघातानं वाचलेले आहेत. 'मार्तंड वर्मा' (१९३३) वाचला तो पुस्तकाच्या हक्कांच्या भांडणात अडकून पडला म्हणून. त्याची प्रत त्रिवेंद्रमच्या पुस्तकविक्रेत्याकडे राहिली आणि १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाली. हिमांशु राय यांचे 'शिराज' आणि 'प्रपंच पाश' वाचले कारण त्यांच्या प्रती इंग्लंडमध्ये होत्या. 'बिल्वमंगल'चा (१९१९) तुकडा सापडला तो पॅरिसला. 'दिलेर जिगर' (१९३१) वाचला, म्हणून देमारपट कसा असे याची आज थोडी कल्पना येते. त्यात अंबू नावानं काम करणाऱ्या ललिता पवार आहेत. ज्यांनी त्यांना फक्त खाष्ट सासू म्हणून पाहिलं, त्यांनी हा चित्रपट पाहिला तर त्यांचं मत उलटंपालटं होईल. विठ्ठल यांच्या वाट्याला असा एखादा अपघात आला नाही.

मग बाकीचे गेले कुठे? याचं एक घाईघाईचं उत्तर लोकांच्या तोंडी बसलंय: 'पुण्यात आग लागली ना, त्यात गेलं सगळं.' जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारात आग लागली हे खरं, आणि त्यात बरंच जळलं हेही खरं. पण 'आलम आरा' त्या आगीत गेला हे साफ खोटं आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी चित्रपट शोधायला सुरुवात केली, तेव्हाच 'आलम आरा' हाती लागण्याजोगा राहिला नव्हता. तो संग्रहालयात कधी आलाच नाही. आगीवर खापर फोडलं की त्याआधीची तीस-चाळीस वर्षं विसरता येतात, म्हणून या गैरसमजाची चीड येते. मूकपट बहुतांशी संग्रहालय निघायच्या आधीच नाहीसे झाले होते.

ते नाहीसे होण्यामागे दोन कारणं मोठी. एक म्हणजे चांदी. काळ्यापांढऱ्या फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते. बोलपट आल्यावर मूकपटाच्या प्रतीला बाजारात किंमत उरली नाही, पण भंगारात होती. रिळं धुवून चांदी काढली जाई आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या, पर्स वगैरे होत. दुसरं कारण म्हणजे फिल्मचा पायाच. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती आपोआप कुजते. आधी चित्र फिकं पडून पिवळट-तपकिरी होतं, मग थर चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात, मग फोड येतात आणि उग्र वास सुटतो, मग सगळं रीळ एकच गोळा होऊन वर तपकिरी फेस येतो, आणि शेवटी डब्यात भुकटी उरते. कुजताना निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतो. ते आम्ल त्याच रिळाला आणखी कुजवतं, शेजारच्या रिळाला लागण करतं आणि पत्र्याचा डबा गंजवतं. म्हणून एक सडका डबा वेळेत बाजूला काढला नाही तर कपाटभर माल जातो. कुजलेली नायट्रेट ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्याच रेणूत असल्यानं ती पाण्याखालीही जळत राहते. आपल्याकडचा उन्हाळा आणि किनाऱ्याकडची दमट हवा यांचा विचार केला तर तीस वाचले हेच नवल वाटावं.

हे झालं गेलेल्याचं. उरलेल्याचं आपण काय करतो, तेही पाहायला हवं, कारण चित्रपट हातात असूनही नट हरवू शकतो. चुकीच्या वेगानं तो नक्की हरवतो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी हा साधारण वेग. याचा एक सोपा हिशेब निघतो: या वेगानं एक फूट म्हणजे एक सेकंद. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. म्हणजे ३,७०० सेकंद, एक तास आणि वर पावणेदोन मिनिटं. आता कुठल्याही यादीत या चित्रपटाची लांबी पाहा: '४० मिनिटं' असं छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? तेच ३,७०० फूट बोलपटाच्या वेगानं, सेकंदाला २४ चौकटींनी, चालवले की ४१ मिनिटं होतात. म्हणजे आपण आपल्या पहिल्या कथापटाची लांबीसुद्धा चुकीच्या वेगावर मोजून पाठ केली आहे.

दीडपट वेगानं चालवलेल्या नटाचं काय होतं, हे समजायला एखादी चाल पाहावी. अण्णा साळुंके हे तारामती झाले. ग्रँट रोडवरच्या हॉटेलातला हा आचारी फाळके यांनी पंधरा रुपये महिन्यावर कंपनीत घेतला, कारण कुणीही स्त्री पडद्यावर यायला तयार नव्हती. आज उपलब्ध असलेल्या भागात तारामती आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतायत असं दृश्य आहे. सगळे पुरुष, अंगाला चिकटलेल्या ओल्या साड्यांत. सेकंदाला २४ चौकटींनी पाहिलं तर ती नुसती धांदल दिसते, हात झटके देतात, मान फटकन वळते, आणि प्रेक्षक हसतो. १६ ला आणलं की पदर सावरताना हाताचा घेतलेला वेळ दिसू लागतो, राजा आल्यावर साळुंके यांचं थबकणं दिसतं. स्त्रीपार्टी नटाची सगळी करामत या वेळ घेण्यात असते. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केले, आणि प्रेक्षकांनी दोन्ही स्वीकारले. ते धांदलीतून झालं नसणार.

देमारपटाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मारामारी किंवा पाठलाग चित्रित करताना हँडल मुद्दाम हळू फिरवत, सेकंदाला १२-१४ चौकटी, म्हणजे दाखवताना हालचाल वेगवान वाटे. त्याच चित्रपटातलं प्रेमाचं दृश्य मात्र नेहमीच्या वेगानं घेतलेलं असे. म्हणून एकच वेग ठरवून अख्खं रीळ काढलं की एक तर तलवार ढिली पडते नाहीतर नायिका पळत सुटते. वेग दृश्यागणिक पाहून, माणसाच्या चालण्यावरून, पाण्याच्या पडण्यावरून ठरवावा लागतो. २४ च्या फाइलमध्ये १६ चौकटी बसवायच्या तर ठराविक चौकटी पुन्हा घ्याव्या लागतात, आणि कुठल्या घेतल्या हे लिहून ठेवावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, अशक्य मुळीच नाही.

रंगभूषेचंही तसंच. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग 'पाहत' नसे. कुंकू काळं पडे, ओठ काळे, गव्हाळ कातडी गडद. म्हणून चेहऱ्यावर पांढऱ्या लेपाचे थर. निळं आकाश मात्र कोरं पांढरं. हे ठाऊक नसलं तर 'किती भडक रंगवलेत' एवढीच प्रतिक्रिया होते. त्याच रिळाची तिसऱ्या-चौथ्या पिढीची, म्हणजे प्रतीवरून प्रत काढलेली, प्रत पाहिली तर डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग दिसतात. ज्याच्याकडे आवाज नव्हता, त्या नटाचे डोळेही आपण घालवून बसतो.

आता कायद्याकडे. मूकपट खुले करायला हक्कांची आडकाठी आहे, असं मोघमपणे म्हटलं जातं. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम २६ नुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. अगदी शेवटचा, १९३४ चा मूकपट धरला तरी तो हक्क १९९४ च्या अखेरीला संपला. आज एकही भारतीय मूकपट चित्रपट म्हणून कुणाच्या मालकीचा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे. नवीन संगीत लावलं तर त्या संगीतावर नवा हक्क येतो, हे बरोबर. म्हणूनच संगीताशिवायची फाइल वेगळी उपलब्ध हवी. मग ज्याला तिच्यावर पखवाज वाजवायचाय तो वाजवील, ज्याला निवेदन करायचंय तो करील.

खर्चाचा मुद्दा दुसरा. हिशेब मुद्दाम सढळ हातानं करून पाहू. तीसही चित्रपट पूर्ण आहेत आणि प्रत्येक दहा रिळांचा आहे असं धरलं (प्रत्यक्षात कितीतरी कमी आहे), तर ३०० रिळं, प्रत्येकी १,००० फूट, म्हणजे ४८ लाख चौकटी. आकुंचन पावलेल्या फिल्मसाठी दात्यांशिवाय चालणारा स्कॅनर हळू लावला, सेकंदाला दोन चौकटी, तरी ६६७ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ८३ दिवस. ४के दर्जाच्या एका चौकटीला साधारण ५० एमबी धरले तर सगळं मिळून २४० टीबी, म्हणजे १८ टीबीच्या १४ टेप, दुसरी प्रत धरून २८. दुरुस्ती, फिल्मच्या काठावरच्या भोकांना पट्ट्या लावणं, साफसफाई यांना याच्या कितीतरी पट वेळ लागतो हे मान्य. पण राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झालेली आहे. त्यापुढे हे काम लहान आहे, आणि ते एकदाच करायचं आहे. २०२२ पासून संग्रहालय एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, भाग आहे. महामंडळाला उत्पन्न लागतं, हे समजण्यासारखं आहे. बोलपटांच्या सुधारित प्रती विकाव्यात, चित्रपटगृहांत लावाव्यात. मूकपट मात्र त्या हिशेबातून बाहेर ठेवावेत.

'बघणार कोण?' असं विचारलं जातं. बघणारे हजारोंनी नसतील. पण नाट्यशास्त्राचा विद्यार्थी, वेशभूषा करणारा, जुन्या गिरगाव-नाशिकच्या खुणा शोधणारा, मर्दानी खेळ शिकवणारा, हे प्रत्येकजण त्या रिळात वेगळं काहीतरी पाहील. अभ्यासकाला पुण्याला येऊन, अर्ज करून, ठरल्या वेळी पाहता येतं, एवढ्यानं भागत नाही. अभिनय दहादा मागेपुढे करून, थांबवून, चौकट मोजून अभ्यासावा लागतो.

घरात जुने डबे असतील अशांसाठीही हे महत्त्वाचं आहे, कारण कुणाच्या माळ्यावर काय आहे हे अजून पूर्ण कळलेलं नाही. फाळके यांचं जे काही वाचलं त्यातलं बरंच नायर यांना फाळके कुटुंबीयांकडूनच मिळालं. डबा सापडला तर तो बंद खोलीत, देवघराजवळ, स्वयंपाकघराजवळ उघडू नये. प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नये. फिल्मच्या काठावर 'सेफ्टी' असा शिक्का आहे की 'नायट्रेट' हे भिंगानं पाहावं. शिक्का नसेल आणि रुंदी ३५ मिमी असेल तर नायट्रेटच समजावी. जाळून बघायची जुनी परीक्षा कुणी सुचवली तर ऐकू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, वायू आत कोंडतो. थंड, कोरड्या, हवेशीर जागी, बाकीच्या फिल्मपासून लांब ठेवून संग्रहालयाला कळवावं. पोस्टानं किंवा रेल्वेनं पाठवू नये, तो ज्वालाग्राही माल आहे. फिल्म नसली तरी तिकिटगृहात विकलेल्या पुस्तिका, करारपत्रं, स्थिरचित्रं, पगाराच्या वह्या हे रद्दीत देऊ नये. विठ्ठल यांच्यासारख्या नटाबाबत आता तेवढंच हाती लागण्याची शक्यता आहे.

स्कॅन करताना एक गोष्ट मात्र आग्रहानं मागायला हवी: चित्राच्या चौकटीपुरतं नको, फिल्मची पूर्ण रुंदी, भोकं आणि दोन्ही काठांसकट. कारण आज 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी रिळं दाखवली जातात ती १९१३ ची की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, हा वाद अजून मिटलेला नाही. ईस्टमन कोडॅक १९१६ पासून फिल्मच्या काठावर त्या-त्या वर्षाच्या खुणा छापू लागली. मूळ निगेटिव्हच्या काठावर अशी खूण असेल आणि ती प्रतीत उतरली असेल, तर पाण्यातले ते साळुंके कुठल्या वर्षीचे हे काठ पाहून सांगता येऊ शकेल. तो काठ कापलेल्या फाइलवरून ते कुणालाच सांगता येणार नाही.